कर्जाचं कारण: सहल

शुक्रवार पेठ, पुणे
१४ फेब्रुवारी २००९

संभाजी,

नमस्कार. धायरी इथून बसने पाऊण तास आणि मी पत्र लिहितोय, म्हणजे माधव चळला असं तुला वाटेल. तसं नाही. घरचा फोन मी परत करून टाकला. दिवसाला वीस-बावीस वेळा वाजायचा. अक्का उचलायची. माझ्या सत्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला पलीकडून कोणीतरी विचारायचं, "आजी, लाज वाटत नाही का?" ती मला विचारायची, कशाची रे?

कुसुमच्या दहाव्याला तू आलास तेव्हा बोललो नाही. समोर बसून हे बोलता येत नाही, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी तिचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा एका खाजगी बँकेचं चार लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. तारण काही नाही, नुसती सही. हप्ते वेळेवर भरले. जुलैत छापखाना बंद झाला. त्यानंतरचे दोन हप्ते हातात होतं त्यातून भरले, शेवटचा पाच सप्टेंबरला. डिसेंबरात कुसुम गेली. आता पेन्शन अकराशे चाळीस रुपये आणि अधूनमधून कुणाच्या प्रबंधाची प्रुफं. प्रुफं तपासतात तसा हिशेब तीनदा तपासला. फेड होत नाही. या जन्मात तरी होत नाही.

तू एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होतास. जप्तीचे लोक येतात तेव्हा क्रम काय असतो, एवढं कळव. आधी काय उचलतात? अक्काला सांगून ठेवीन, म्हणजे ती घाबरणार नाही. ही एक खोली आणि स्वयंपाकघर माझ्या नावावर आहे. ते गेलं तर अक्काला कुठे न्यायचं, तेवढं मला सुचत नाही.

माझं म्हणशील तर मला काही होत नाही. भूक लागते, जेवतो. लोक कुसुमबद्दल बोलतात, मी ऐकून घेतो. रडूसुद्धा आलेलं नाही अजून.

माधव


धायरी
१९ फेब्रुवारी २००९

माधवा,

मी बोलतो तसंच लिहिणार हाय. तुझं लाल पेन बाजूला ठेव.

आधी एक डोक्यात घाल. फोनवर बोंबलणारा माणूस म्हणजे कोर्ट न्हाई. बँकेला दावा लावावा लागतो, समन्स येतं, तुझं म्हणणं ऐकतात, हुकूमनामा व्हतो, मग कुठं वॉरंट निघतं. तवा माझ्यासारखा कुणीतरी पिशवी घेऊन तुझे तीन जिने चढतो. त्यालाबी तुझी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आन् अंगावरचे कपडे उचलता येत न्हाईत. खोलीवर मात्र जप्ती येते. ती येऊ द्यायची न्हाई, एवढंच आपलं काम.

क्रम विचारलास म्हणून सांगतो. मी दारात गेलो की आधी पाणी मागायचो. तहान नसली तरी मागायचो. पाणी दिलेला माणूस दार लोटून घेत न्हाई आन् अंगावरबी येत न्हाई. एकतीस वर्षं मी लोकांच्या घरचं पाणी पिऊन त्यांच्या दाराला कागद चिकटवले. जाऊ दे.

माझी पुतणी शालू वकील हाय, ठाऊक हाय ना तुला? तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, असल्या कर्जाला तीन वर्षांची मुदत. तू शेवटचा पैसा भरलास पाच सप्टेंबर दोन हजार आठला. तिथून तीन वर्षं धर. पाच सप्टेंबर दोन हजार अकरापर्यंत बँकेनं दावा लावला न्हाई, तर त्यांच्या पैशासाठी कोर्ट हात उचलत न्हाई. पण मधल्या काळात एक रुपया भरायचा न्हाई आन् सही करून काही लिहून द्यायचं न्हाई. दिलंस की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

ही लबाडी हाय का, असं तू विचारणार. मी ओळखतो तुला. अरे, असून दिलं नसतंस तर मीच तुझ्या दारात थुंकलो असतो. तुझ्याकडं न्हाईच. नसलेलं कुठून देणार? गप बस तीन वर्षं. तसा तू लई बोलणारा कधी व्हतास?

बँकेला काहीबी पाठवायचं झालं तर आधी मला दाखवायचं. हे वचन दे.

संभाजी


शुक्रवार पेठ
६ मे २००९

संभाजी,

वचन दिलं.

काल बँकेची माणसं आली. दोघं होते. दीड तास जिन्यात बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की वरच्या गोखल्यांनी पैसे बुडवले. खालच्या मजल्यावरच्या बाई आम्हाला द्यायला आणलेली भाजी घेऊन परत गेल्या. मी दोघांना आत बोलावलं आणि पाणी दिलं. तू मागायचास, मी न मागता दिलं. त्यांतला एक जरा ओशाळला. म्हणाला, "काका, नावाला पाचशे तरी द्या, आम्हालाही वर दाखवावं लागतं." डब्यात पाचशेची नोट होती. मी दिली नाही. अक्का माझ्याकडे पाहत होती.

गप्प बसणं मला जमतं. पण खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून तुला लिहून ठेवतो. मी त्या बँकेकडून चार लाख रुपये घेतले. त्यांचं माझ्याकडे येणं आहे, आणि ते मला मान्य आहे. त्या पैशात कुसुम बावीस महिने जगली. आठवड्यातून दोनदा जायचो. चार-चार तास सुई टोचून पडून राहायची. मी शेजारी प्रुफं घेऊन बसायचो. एकदा म्हणाली, नुसती पडून काय करू, मूळ प्रत द्या माझ्याकडे. मग ती वाचायची आणि मी प्रूफ तपासायचो. ज्वारीवरच्या किडीचं एक आख्खं पुस्तक आम्ही तसं काढलं. दोन उन्हाळे तिने लोणचं घातलं. दुसऱ्या वर्षीचं अजून आहे बरणीत.

एवढंच. कोणाच्या तरी पैशांनी हे झालं, आणि ते कोणाचे हे मला माहीत आहे.

माधव गोखले


धायरी
११ मे २००९

माधवा,

डोकं फिरलंय का तुझं? मी गप बस म्हणतोय आन् तू सही ठोकून कबुलीजबाब लिहितोस? शालूला पत्र दाखवलं तर ती कपाळाला हात लावून बसली. तिनं कायदा काढून दाखवला. कबुली बँकेलाच दिली पायजे असं न्हाई, तिसऱ्याच माणसाला लिहून दिली तरी चालते. म्हणजे मला लिहिलेलं पत्र सुद्धा. कुणाच्या हाती लागलं तर सहा मेपासून पुन्हा तीन वर्षं मोजायची.

तुझं पत्र मी बंबात घातलं. संपलं.

इथून पुढं तो शब्द लिहायचा न्हाई. बँक न्हाई, पैसे न्हाई, येणं न्हाई, काही न्हाई. लिहायचंच असलं तर अक्काच्या गुडघ्याचं लिही, पेठेतल्या नळाचं लिही.

जिन्यात बसणाऱ्यांचा बंदोबस्त शालू करते हाय. बँकेला नोटीस धाडतेय, काहीही मान्य न करता. पुन्हा आले तर चौकीत जायचं. पाणीबिणी द्यायचं न्हाई.

लोणच्याचं वाचलं. कुसुमवहिनीनं मलाबी दिलं व्हतं एकदा. लई तिखट व्हतं.

संभाजी


शुक्रवार पेठ
२ नोव्हेंबर २००९
(पोस्टकार्ड)

संभाजी,

अक्काचा गुडघा तसाच. नळाला सकाळी पाऊण तास पाणी. जिना रिकामा असतो. सगळं ठीक.

माधव


धायरी
१७ जानेवारी २०१०

माधवा,

तुझं कार्ड आलं. त्याच्या आधीचं आन् त्याच्या आधीचंबी तसंच व्हतं. आमचा पोस्टमन गेनबा सगळी कार्डं वाचतो. मला म्हणाला, "दादा, तुमच्या दोस्ताला नळाशिवाय काही सुचत न्हाई का?" मी म्हणालो, मीच सांगितलंय तसं.

जेवतोस ना नीट? मार्केट यार्डात गवार लई उतरलीय. येत्या आठवड्यात पिशवीभर घेऊन येतो. आलो म्हणजे आपण काही बोलायचं न्हाई, नुसती गवार निवडू.

संभाजी


शुक्रवार पेठ
२० जून २०११

संभाजी,

यात तो शब्द लिहावा लागणार आहे. आधी शेवटपर्यंत वाच, मग रागाव.

मागच्या आठवड्यात बँकेकडून एक कागद आला. खात्याचा तपशील. खाली छापलंय की तपशील पडताळून पाहावा आणि चूक असल्यास दुरुस्त करून परत पाठवावा. मी पडताळून पाहिला. आकडे त्यांचे त्यांना माहीत. वर नाव, पत्ता, तारीख, आणि त्याखाली एक रकाना: कर्जाचं कारण. त्यात लिहिलंय, सहल.

मी तो शब्द पाच-सहा वेळा वाचला. मग आठवलं. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बँकेच्या एजंटाने फॉर्म पुढे केला होता. म्हणाला, "आजारपण लिहिलं तर वरून मंजूर होत नाही, काका. तुम्ही सही करा, बाकी मी भरतो." आत कुसुमला श्वास घेता येत नव्हता. मी सही केली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, आणि आयुष्यात एकच कागद न वाचता सोडला, तो हा.

एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही एकदा महाबळेश्वरला गेलो होतो. दोन दिवस. तेही तिच्या भावाने पैसे दिले म्हणून. आता बँकेच्या दप्तरात कायमचं लिहून राहणार की माधव गोखले बायकोला घेऊन चार लाखांची सहल करून आला आणि पैसे बुडवून बसला. मला आजवर त्यांच्या कशाचंच काही वाटलं नव्हतं. जिन्यात बसले तेव्हाही नाही. याचं वाटलं. फार वाटलं.

तेवढा शब्द मी खोडला आणि समासात लिहिलं: पत्नीचे डायलिसिस, बावीस महिने. शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. छापखान्याचा नियमच तो, दुरुस्ती कोणी आणि कधी केली ते दिसलं पाहिजे. आकड्यांना हात लावलेला नाही. देणं मान्य आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. यात काही बिघडत नाही, असं मला वाटतं.

तुला दाखवल्याशिवाय काही पाठवणार नाही असं वचन दिलं होतं, म्हणून कागद सोबत ठेवलाय. त्यांची शाखा सिंहगड रस्त्यावर तुझ्या वाटेतच आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही. तू हाताने नेऊन दे. तू बजावलेला कागद पोचतो, हे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे.

माधव


धायरी
२९ जून २०११

माधवा,

कागद दिला. काउंटरवरच्या बाईनं घेतला. पोच मागितली तर म्हणाली, शिक्का मारून द्यायची आमच्यात पद्धत न्हाई. बरं म्हणालो.

भेंडी बरी लागलीय औंदा. आमच्या हिच्या पायाला गाठ आलीय, डॉक्टर म्हणतो काही न्हाई. रस्त्याचं काम काढलंय, धूळ लई. धाकट्या सुनेनं घरात वॉशिंग मशीन आणलं, रातभर घुर्रघुर्र करतं. बाकी ठीक.

संभाजी


धायरी
६ सप्टेंबर २०११

माधवा,

काल ती तारीख सरली. शालूनं फोन करून विचारलं, दावा लागलेला न्हाई. आता लावला तरी उशिरा.

अक्काला सांग, खोली कुठं जात न्हाई.

संभाजी


शुक्रवार पेठ
९ फेब्रुवारी २०१२
(पोस्टकार्ड)

संभाजी,

आज समन्स आलं. दावा लावलाच त्यांनी. घेऊन आलेल्या माणसाने दारातच पाणी मागितलं. तुझी आठवण झाली. अक्काने त्याला सरबत दिलं.

माधव


शुक्रवार पेठ
१९ जुलै २०१३

संभाजी,

निकाल तुला शालूने सांगितलाच असेल. ती पेढे घेऊन आली होती. दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला. खोली राहिली. अक्काने देवापुढे साखर ठेवली आणि नंतर मला विचारलं, "आता फोन परत घ्यायचा का?"

शालू हुशार आहे. माझं म्हणणं तिने कोर्टात दिलं त्यात एकही खोटी ओळ नव्हती, मी स्वतः वाचलं. कर्ज घेतलं, मान्य. भरता आलं नाही, मान्य. पण तीन वर्षं उलटून गेल्यावर दावा आणलाय, सबब तो चालत नाही. मी तिला विचारलं, मान्य केलं तर बिघडत नाही का? ती म्हणाली, "मुदत गेल्यानंतर नुसतं घेतले म्हटल्याने ती परत येत नाही, काका. त्याआधी काही लिहून दिलं असतं तर गोष्ट वेगळी."

त्याआधी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी तुझ्याकडे काय पाठवलं होतं.

पुढचं तू पाहिलंस. मी पिंजऱ्यात उभा होतो आणि तू मागच्या बाकावर होतास. बँकेच्या वकिलाने विचारलं, "दोन हजार आठनंतर बँकेला तुम्ही लेखी काही दिलंत?" शपथ घेतली होती. मी म्हणालो, हो, एक कागद, जून दोन हजार अकरामध्ये. शालूने डोळे मिटून घेतले. तो वकील तर माझ्यापेक्षा जास्त दचकला. त्याने तारीख मागून घेतली. पुढच्या तारखेला बँकेच्या साहेबाने सगळी फाईल आणली, आवक-नोंदीचं रजिस्टर आणलं. कागद कुठेच नाही. वकील म्हणत राहिला की यांनी कबूल केलंय, आणि न्यायाधीश बाई विचारत राहिल्या, कागद कुठे आहे? तोंडी सांगून चालत नाही म्हणाल्या. मी म्हणालो, माझ्याकडे नाही, मी दिला. कोणाच्या हाती दिला, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू तुझ्या चपलांकडे पाहत होतास.

निकालपत्राची नक्कल आली. पहिल्याच परिच्छेदात आहे की प्रतिवादीने सहलीसाठी वैयक्तिक कर्ज घेतले. मी उभं राहून सांगायचा प्रयत्न केला होता. बाई चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "कारणाचा या दाव्याशी संबंध नाही, आजोबा. बसा." आता कोर्टाच्या दप्तरातही सहल झाली.

संभाजी, कागद कुठे आहे?

माधव


धायरी
२ सप्टेंबर २०१३

माधवा,

दीड महिना उत्तर धाडलं न्हाई, कारण अपिलाची मुदत सरायची वाट बगत व्हतो. सरली. बँकेनं अपील केलं न्हाई. आता सांगतो.

कागद मी दिला न्हाई. काउंटरवरची बाई, शिक्का, सगळं खोटं. कागद खिशात घालून त्या शाखेच्या दारापर्यंत गेलो व्हतो, एवढंच खरं. काचेचं दार हाय तिथं. उघडायला एक माणूस उभा असतो. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी बाहेरच उभा. तो म्हणाला, "या ना बाबा." मी वळलो आन् परतीच्या बसमधी बसलो.

तू लिहिलेलंस, यात काही बिघडत न्हाई. मला शालूकडं जायचीबी गरज पडली न्हाई. खात्याचा तपशील, त्यावर तुझी अक्षरं, शेजारी तारीख, आन् मुदत संपायला अडीच महिने बाकी. तो कागद त्या दारातून आत गेला असता की तुझी खोली बाहेर आली असती. तुला समजावून सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ दे खोली, पण ओळ बरोबर पायजे. म्हणला असतास का न्हाई? म्हणूनच सांगितलं न्हाई.

एकतीस वर्षांत मी एकबी कागद दाबला न्हाई, माधवा. मांजरी गावात एका बागायतदारानं समन्स परत नेण्यासाठी माझ्या सायकलच्या कॅरिअरला नोटांचं पुडकं बांधलं व्हतं. घरी सापडला न्हाई असा शेरा मार म्हणाला. मी पुडकं सोडून त्याच्या पायरीवर ठेवलं आन् समन्स त्याच्या हातात दिलं. बायका पाया पडल्या तरी नोटीस चिकटवली. खुद्द माझ्या चुलत्याच्या दाराला चिकटवली. तो पुन्हा बोलला न्हाई माझ्याशी, मेला तसाच. आन् रिटायर झाल्यावर दाबला तर तुझा. ज्यानं डोळे झाकून माझ्या हातात दिला त्याचा. कोर्टात तू पिंजऱ्यातनं हो म्हणालास तवा मला जमीन फाटावी असं झालं. उठून सांगावं असं दोनदा आलं तोंडावर. उठलो न्हाई. अक्का दिसत व्हत्या समोर.

माफी मागत न्हाई. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन. पण वाईट वाटतं, लई वाटतं.

सोबत दोन कागद हायेत. एक तुझा तो दुरुस्त केलेला. दुसरं तुझं दोन हजार नऊचं पत्र. बंबात घातलं असं लिहिलं व्हतं तेबी खोटं. नेलं व्हतं बंबापर्यंत. पण त्यात वहिनी वाचून दाखवतात ते व्हतं, ज्वारीच्या किडीचं. हात झाला न्हाई. पत्र चार वर्षं आन् कागद दोन वर्षं, दोन्ही माझ्या ट्रंकेत, कुलपात ठेवलीत. आता कुणी काही करू शकत न्हाई. आता ती तुझी.

संभाजी


शुक्रवार पेठ
२३ सप्टेंबर २०१३

संभाजी,

कागद मिळाले. आठ दिवस तुझा राग राग केला. अक्काला म्हणालो, संभाजीचं नाव या घरात काढायचं नाही. ती म्हणाली, "बरं. पण घर त्याच्यामुळे आहे, ते तरी म्हणू का?" मी जेवणावरून उठलो.

परवा तो कागद घेऊन मी स्वतः बँकेत गेलो. गुडघ्यावर पट्टा बांधला, रिक्षा केली. शालूला आधी विचारलं होतं, ती म्हणाली जा, आता नुसती दुरुस्ती देऊन काही होत नाही. तू सांगितलेलं ते काचेचं दार. मलाही त्या माणसाने उघडून धरलं. मी आत गेलो.

काउंटरवर एक मुलगी होती. शांत होती, नीट बोलत होती. तिने खात्याचा नंबर टाईप केला, स्क्रीनकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "काका, हे खातं बंद झालंय. तुमच्याकडे काहीच येणं नाही. कोणी त्रास देतंय का?" मी म्हणालो, नाही, कोणी नाही. ती म्हणाली, मग? मी कागद पुढे केला. म्हटलं, एवढी एक ओळ दुरुस्त करून हवी. तिने वाचली. समासातलंही वाचलं. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बंद खात्यात काही बदलता येत नाही हो, काका. ते उघडतच नाही." मी विचारलं, मग त्यात काय लिहिलेलं राहील? तिने कागद दोन्ही हातांनी मला परत दिला.

बाहेर पायऱ्यांवर मी बसलो आणि रडलो, संभाजी. पावणेपाच वर्षांत पहिल्यांदा. मोठ्याने रडलो, रस्त्यावरचे लोक पाहतील इतका. दारावरच्या माणसाने येऊन खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, माझे पैसे बुडाले. मी म्हणालो, नाही रे बाबा, माझ्याकडे कोणाचं काही निघत नाही, आता कुठेच काही निघत नाही. त्या बावीस महिन्यांची पावती म्हणून ते कर्ज तेवढं होतं. तेही गेलं. तो बिचारा हो हो म्हणत राहिला.

घरी येऊन तुझ्याकडून आलेलं ते पत्र वाचलं. दोन हजार नऊचं. सगळं त्यात आहे. ज्वारीची कीड आहे, लोणचं आहे, चार लाख आहेत, माझी सही आहे. एकही चूक सापडली नाही. तुझ्या ट्रंकेत होतं म्हणून राहिलं. अक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कुसुमच्या फोटोमागे ठेव." ठेवलं.

तू खोटं बोललास ते मी विसरणार नाही. तुझ्याबद्दल मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही खरं आहे. काय करायचं ते तू ठरव, मला ठरवता येत नाही.

येत्या अविधवा नवमीला कुसुमचं पान आहे. बाराला ये. गवार आण, अक्काने सांगितलंय. लोणच्याच्या बरणीत तळाला दोन-चार फोडी राहिल्यात, त्या तुझ्या पानात वाढीन. तिखट लागेल.

आणि दारात उभं राहून पाणी मागू नकोस. सरळ आत ये.

माधव